ओळखीचा उतार

चंद्रपूर जिल्ह्यात बर्फ पडत नाही. मे महिन्यात इथे पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, आणि बर्फ म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर येते ती रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी. अशा जिल्ह्यात राहून मी गेली काही वर्षे हिमस्खलनाविषयी मिळेल ते वाचतो आहे. ओळखीचे लोक याचे कारण विचारतात. ते सांगावे म्हणूनच हा लेख.

पहिले कारण साधे आहे. १६ मे २०१८ रोजी याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासन यांच्या ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून ती घडली. त्या वेळी वर्तमानपत्रांत शिखराविषयी पुष्कळ छापून आले. प्रशिक्षणाविषयी मात्र दोन-चार ओळीच. जंगलात वाढलेल्या मुलांना बर्फावर काय शिकवले जात असेल, या कुतूहलातून माझे वाचन सुरू झाले.

दुसरे कारण वाचता वाचता सापडले. हिमस्खलनाच्या अभ्यासकांना गेली कित्येक दशके एक प्रश्न छळतो आहे. जो नवखा आहे, त्याला धोका शिकवता येतो. पण जो वीस-पंचवीस वर्षे त्याच उतारांवर वावरला आहे, ज्याला बर्फाचे बारकावे पाठ आहेत, तोही गाडला जातो. त्याला काय शिकवायचे? हा प्रश्न वाचला तेव्हा मला आल्प्स किंवा हिमालय आठवला नाही. मला आमच्या कोळसा खाणी आठवल्या आणि मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाया आठवल्या.

*

आधी हिमस्खलन म्हणजे काय ते समजून घेऊ. ‘दरड कोसळली’ हा आपला शब्द. माळीण, तळिये, इर्शाळवाडी या नावांनी तो मराठी मनात खोल रुतला आहे. ‘हिमस्खलन’ मात्र संस्कृतातून घडवलेला, बातमीपुरता वापरला जाणारा शब्द. त्यामुळे कड्यावरून बर्फाचा ढीग घसरून खाली आला, एवढेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. माणसांचा जीव घेणारी बहुतेक हिमस्खलने अशी नसतात.

डोंगरउतारावर बर्फ एकसंध नसतो, थरांनी साचतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर. आकाश निरभ्र आणि थंडी कडक असली की खालच्या किंवा पृष्ठभागावरच्या थराचे कण बदलतात, साखरेसारखे रवाळ आणि सुटे होतात. त्यावर पुढचा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो, आणि रवाळ थरावर एक कडक लादी तयार होते. वरून पाहणाऱ्याला पांढरा, गुळगुळीत, मोहात पाडणारा उतार दिसतो. अशा लादीवर एका माणसाचे वजन पडले तरी खालचा अशक्त थर चिरडतो, तडा क्षणात उतारभर पळतो, आणि सगळी लादी माणसासकट सुटते. असे उतार बहुधा ३० ते ४५ अंशांचे असतात. स्कीइंग करणाऱ्याला आवडणारा उतारही नेमका याच मापाचा. अपघातांच्या नोंदी सांगतात की दहापैकी जवळजवळ नऊ वेळा ही लादी सोडवणारा गाडला गेलेला माणूस स्वतः किंवा त्याचा सोबतीच असतो.

लादी सुटण्याआधी कधी कधी पायाखालून एक दबका ‘धप्’ असा आवाज येतो. आतला थर बसल्याची ती खूण. त्या आवाजावर मागे फिरावे, हा प्रशिक्षणातला पहिला धडा.

बल्लारपूरकडच्या भूमिगत खाणींत काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट सांगून पाहा, त्याला ती चटकन कळेल. खाणीचे छतही थरांचेच. काम सुरू करण्याआधी सरदार किंवा ड्रेसर काठीने छत ठोकून पाहतो. ठणठणीत आवाज आला तर थर एकमेकांना धरून आहेत. पोकळ, ढोलासारखा आवाज आला तर वरचा थर सुटला आहे; तो पाडायचा किंवा आधार लावायचा, मगच खाली उभे राहायचे. बर्फाचा उतार आणि कोळशाचे छत यांत दिसण्यात काहीच साम्य नाही. दोन्हींचा घात एकाच जागी असतो, चांगल्या दिसणाऱ्या थरामागच्या न दिसणाऱ्या सांध्यात.

*

हिमस्खलनाचे शास्त्र माणसाने आधी युद्धातून आणि मग खेळातून शिकले. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांची सैन्ये आल्प्सच्या शिखरांवर समोरासमोर ठाण मांडून होती. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा या डोंगरावर ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिकांच्या बराकींवर बर्फ कोसळला आणि अडीचशेहून अधिक सैनिक एका पहाटेत गेले. स्वित्झर्लंडने पुढे १९३६ मध्ये दाव्होसच्या वर, वाइसफ्लूयोख येथे बर्फ अभ्यासण्यासाठी एक छोटी प्रयोगशाळा उभारली. आज जगभर नावाजलेली हिमस्खलन संस्था त्यातूनच वाढली. १९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेवर माणसे हिमस्खलनांत मेली, तेव्हा अंदाजपत्रके, बांधबंदिस्ती आणि धोक्याच्या पट्ट्यांचे नकाशे यांना वेग आला. १९९३ पासून युरोपभर धोक्याची एकच पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरली जाते.

तोवर मरणाऱ्यांची जात बदलली होती. गावे सुरक्षित होत गेली आणि आता गाडले जाऊ लागले ते हौसेने जाणारे. स्कीइंगच्या ठिकाणी आखलेल्या, रोज तपासलेल्या घसरवाटेला ‘पिस्ट’ म्हणतात. तिच्याबाहेर, अस्पर्श बर्फात उतरणे म्हणजे ‘ऑफ-पिस्ट’. तिथे ना कुंपण, ना पहारेकरी. तिथे जातात ते कसलेले लोकच.

त्यांच्यासाठी साधने निघाली. १९६८ मध्ये अमेरिकेत जॉन लॉटन यांनी ‘स्काडी’ नावाचे, अंगावर बाळगायचे छोटे रेडिओयंत्र बनवले. गाडलेल्या माणसाचे यंत्र संकेत पाठवते, वरच्यांची यंत्रे तो शोधतात. आज अशी सर्व यंत्रे ४५७ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारितेवर चालतात. त्याच्या जोडीला बर्फात खुपसून पाहायची लांब काठी आणि फावडे. हे तिन्ही प्रत्येकाकडे का हवे, ते एका आकड्यावरून कळते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस नोंदींच्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलेले दहात नऊ जगतात. पस्तीस मिनिटांनी दहात तीनच उरतात. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, आत हात हलवता येत नाही, आणि श्वास संपत जातो. पंधरा मिनिटांत कुठलेही हेलिकॉप्टर पोहोचत नाही. म्हणजे वाचवणारा एकच, बरोबर आलेला सोबती. तो निघण्याआधी यंत्रे तपासतो का, घड्याळ लावून शोधाचा सराव करतो का, यावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो.

*

साधने सुधारली तरी जाणत्यांचे मृत्यू थांबेनात, तेव्हा अभ्यासकांनी बर्फावरची नजर काढून माणसाकडे वळवली. स्वित्झर्लंडचे पर्वतवाटाडे वेर्नर मुंटर यांनी १९९० च्या दशकात ‘तीन गुणिले तीन’ ही पद्धत मांडली. हवामान व बर्फ, भूभाग आणि माणसे, या तीन गोष्टी तीनदा तपासायच्या. घरी निघण्याआधी, परिसरात पोहोचल्यावर, आणि प्रत्यक्ष उताराच्या काठाशी. त्या यादीत ‘माणसे’ हा रकाना बर्फाच्या बरोबरीने आला, हे मला या साऱ्या इतिहासातले मोठे वळण वाटते.

पुढे अमेरिकेतील इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातील ७१५ अपघात तपासले. धोक्याच्या खुणा बहुतेक ठिकाणी डोळ्यांसमोर होत्या, तरी माणसे गेली. का गेली, याची सहा कारणे त्यांनी मांडली. मी ती माझ्या शब्दांत देतो. वाट ओळखीची आहे. बरोबरच्यांच्या नजरेत उतरायचे नाही. ठरवून आलो आहोत, आता मागे कसे फिरायचे. पुढे चालणारा जाणता आहे, त्याला कळते. दुसरे कुणी येण्याआधी कोऱ्या बर्फावर पहिली रेघ आपली. आणि आसपास इतर माणसे आहेत, म्हणजे ठीकच असणार.

यातल्या पहिल्या कारणाविषयी त्यांना जे आढळले ते वाचून मी थबकलो. वरच्या दर्जाचे प्रशिक्षण घेतलेले गट अनोळखी जागी सावध असत. ओळखीच्या उतारावर मात्र ते जवळपास प्रशिक्षण न घेतलेल्यांइतकाच धोका पत्करत. ओळखीने शिक्षण पुसून टाकले होते.

याचे कारण अनुभवाच्या स्वभावातच आहे. सुतार चुकला तर सांधा लगेच हलतो, स्वयंपाकीण चुकली तर भाजी लगेच सांगते. घातक उतार मात्र चुकीच्या निर्णयालाही बहुतेक वेळा काहीच म्हणत नाही. पन्नास वेळा तिथून सुखरूप उतरलेला माणूस समजतो की आपल्याला हा उतार कळला. प्रत्यक्षात पन्नास वेळा लादी सुटली नाही, एवढेच घडलेले असते. त्यातून आलेला आत्मविश्वास खरा असतो, त्यामागचे ज्ञान खरे असेलच असे नाही.

१९ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पास येथे सोळा जण आखलेल्या हद्दीबाहेर टनेल क्रीकच्या उतारावर गेले. त्यांत व्यावसायिक स्कीपटू होते, स्कीइंगविषयी लिहिणारे होते, तो उतार वर्षानुवर्षे जाणणारे स्थानिक होते. त्या दिवशीच्या पत्रकात धोक्याची सूचना होती. तिघे गेले. मागे राहिलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितले की मनात शंका आली होती, पण एवढे जाणते बरोबर असताना ती बोलून दाखवली नाही.

म्हणून अनुभवी लोकांसाठीच्या आजच्या वर्गांत बर्फाचा खड्डा खणून थर तपासण्याबरोबर बोलण्याचा सरावही असतो. गटातल्या सर्वांत नवख्यालाही नकाराधिकार. कुणी एकाने ‘नको’ म्हटले की सगळे परत. संशयित उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहायचे. मागे फिरण्याची वेळ घरीच ठरवायची, कारण उताराच्या काठाशी उभे राहून ठरवलेली वेळ पुढे सरकत जाते.

*

आपल्या देशात हे शिक्षण सैन्याने आणले. १९४८ मध्ये काश्मीरच्या युद्धकाळात मेजर जनरल थिमय्या यांनी गुलमर्गला स्कीइंग शिकवणारी शाळा काढली. आजचे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ते हेच. १९६९ मध्ये मनालीला बर्फ व हिमस्खलन अभ्यासाची संरक्षण संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या प्रयोगशाळेशी जोडली गेली आणि तिचे नाव बदलले. तिच्या अंदाजांवर आज सीमेवरची ठाणी हालचाल करतात.

शिक्षण आहे तिथेही बर्फ सवलत देत नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गच्या उतारावर प्रशिक्षण घेत असलेल्या याच शाळेच्या सैनिकांवर हिमस्खलन झाले. १७ जवान गेले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमध्ये दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. माण हा दुष्काळी तालुका. पाण्याची वाट पाहणाऱ्या मुलखातला जवान बर्फाखाली गेला. आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या प्रगत वर्गाची तुकडी ‘द्रौपदी का डांडा’ या शिखराच्या उतारावर सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोळा दिवसांच्या अंतराने एव्हरेस्ट आणि मकालू सर करून त्या आल्या होत्या.

या तिन्ही घटनांत कुणाला दोष देणे हा माझा हेतू नाही आणि अधिकारही नाही. सर्व नियम पाळूनही उरणारा धोका असतो. डोंगराचे कुठलेही शास्त्र तो शून्यावर आणत नाही. पण शिकवणारे आणि शिकलेले यांनाही हे पुन्हा पुन्हा शिकावे लागते, एवढे यातून निश्चित दिसते.

या पार्श्वभूमीवर आमची मुले पाहावीत. त्यांचे प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह असा त्यांचा प्रवास. शेजारच्या तेलंगणाचे उदाहरण ताजे होते. २०१४ मध्ये निवासी शाळेतली तेरा वर्षांची मालावत पूर्णा एव्हरेस्टवर जाऊन आली होती. आधी उघड्या खडकावर दोर आणि गाठी, मग थंडी आणि विरळ हवा, मग बर्फ. दार्जिलिंगची हिमालयीन पर्वतारोहण संस्था १९५४ ची, तेनसिंग नोर्गे यांनी घडवलेली. अशा ठिकाणी शिकणारा आधी चढायला शिकत नाही, पडायला शिकतो. घसरताना कुऱ्हाड बर्फात रोवून स्वतःला थांबवायचे, दोरावरच्या सोबत्याला धरायचे, भेगेत गेलेल्याला वर काढायचे. आणि ठरलेल्या वेळी, माथा समोर दिसत असला तरी, परत फिरायचे.

मोहिमेसाठी दहा मुले निवडली गेली होती. पाच माथ्यावर पोहोचली. त्या पाचांचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण हिमस्खलनाचा इतिहास वाचल्यावर मला उरलेली पाचही तितकीच महत्त्वाची वाटतात. आठ हजार मीटरच्या डोंगरापर्यंत जाऊन घरी परतलेल्या माणसाला आपण अयशस्वी म्हणतो. ऑफ-पिस्टचे सारे शिक्षण या एका शब्दाविरुद्ध झगडते आहे.

*

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. इथे कसलेल्या माणसांना धोक्याचे शिक्षण पुन्हा देण्याची रीत एका क्षेत्रात कायद्यानेच आहे. १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार खाणीत नव्याने येणाऱ्याला प्रशिक्षण द्यावे लागतेच, पण जुन्या कामगारालाही दर पाच वर्षांनी पुन्हा वर्गात बसावे लागते. वीस वर्षे छताखाली काम केलेल्याला छत कसे ठोकायचे हे परत शिकवणे अनेकांना हास्यास्पद वाटते. वर्गात उपचार म्हणून बसणारेही असतात. पण ज्याने हा नियम लिहिला, त्याला मॅकॅमनच्या चाळीस वर्षे आधी कळले होते की पोकळ आवाज रोज ऐकणाऱ्याच्या कानाला तो एक दिवस ऐकू येईनासा होतो.

जंगलात अशी रीत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, वर्षभर सरपण. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पहाटेच्या अंधारात जंगलात जात आली आहेत. आपले मोहाचे झाड, आपली वाट, आपला नाला. त्यांना जंगल कळत नाही असे म्हणण्याची कुणाची छाती नाही. पण त्यांचा अनुभव ज्या जंगलात घडला ते जंगल आता तेच राहिलेले नाही. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते. २०२२ च्या गणनेत ४४४, आणि त्यांतला मोठा वाटा चंद्रपूरचा. आजीने सांगितलेली वाट खरी असते, फक्त ती कमी वाघांच्या काळातली असते. वाकून फुले वेचणारी बाई ज्या झुडपाकडे पाठ करते, ते झुडूप तिच्या ओळखीचे असते.

आल्प्समध्येही हेच घडते आहे. ज्या मार्मोलाडावर १९१६ मध्ये सैनिक गाडले गेले, त्याच डोंगरावरून ३ जुलै २०२२ रोजी हिमनदीचा एक तुकडा सुटला आणि भर उन्हाळ्यात अकरा गिर्यारोहक गेले. वाट नेहमीची होती, उष्णता नेहमीची नव्हती. जागा बदलली की अनुभव शिळा होतो, आणि तो शिळा झाल्याचे अनुभवी माणसाला सर्वांत उशिरा कळते.

प्रशिक्षित माणसेही यातून सुटत नाहीत. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा क्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या पायी सर्वेक्षणावर होत्या. पुढे रस्त्यावर वाघीण दिसली. त्या थांबल्या, बराच वेळ वाट पाहिली, मग सोबत्यांसह जंगलातून वळसा घेतला. वाघिणीने त्यांच्यावर हल्ला केला. त्यांनी घाई केली नव्हती. डोंगरावरच्या भाषेत सांगायचे तर तो उरलेला धोका होता, आणि अशा कामावर जाणाऱ्याला तो पत्करावा लागतो की टाळता येतो, हा निर्णय एकट्या माणसावर सोडता येत नाही.

व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या काही गावांत प्राथमिक प्रतिसाद दले आहेत. वाघ गावात आला तर गर्दी आवरण्याचे काम ती करतात. हे चांगलेच आहे. पण ती अपघात घडू लागल्यानंतरची व्यवस्था, म्हणजे फावडे आणि शोधयंत्र. त्याआधीचे शिक्षण, ते ‘तीन गुणिले तीन’, अजून गावापर्यंत आलेले नाही. हंगामाआधी एक दिवस. निघण्यापूर्वी घरी विचारायचे, काल कुठे पाऊलखुणा दिसल्या. जंगलाच्या तोंडाशी विचारायचे, आज वेगळे काय आहे, माकडे-भेकरे ओरडताहेत का. झाडाखाली विचारायचे, पाठीमागे कोण पाहणार. उजाडण्याआधी आत जायचे नाही, एकटीने जायचे नाही. आणि गटातली सर्वांत तरुण मुलगी ‘आज नको’ म्हणाली तर सर्वांत जाणत्या बाईनेही टोपली उचलून परत फिरायचे. मोहाची एक सकाळ बुडाली म्हणजे घरात किती रुपयांची तूट येते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ही सकाळ बुडाली तर तिची भरपाई कुणी करायची, हा प्रश्न त्या शिक्षणाचाच भाग असला पाहिजे. उपाशी माणसाला माघार शिकवता येत नाही.

हे शिकवायला बाहेरून कुणी आणण्याची गरज नाही. माघारीचे शास्त्र वर्षभर गिरवून, दोराला एकमेकांना बांधून घेऊन आलेली दहा मुले याच जिल्ह्यातली आहेत. माथ्यावर पोहोचलेली पाच आणि न पोहोचलेली पाच, दोन्ही. त्यांना आपण व्यासपीठावर बोलावून शिखराविषयी विचारत आलो. आता मोहाच्या हंगामाआधी त्यांना गावात बोलवावे आणि विचारावे की माथा समोर दिसत असताना पाय मागे कसा घ्यायचा.